इंजिन सगळ्यात शेवटी

तू १९६६ची मस्टँग घेतलीस, सहा सिलिंडरची कूपे, आणि तिच्यात व्ही-एट बसवायचं मनात आहे, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. आपल्या घरातलं कुणीतरी जुन्या गाडीखाली पाठीवर झोपून काम करणार, याचा आनंद. पण तुझा पहिला प्रश्न होता, "मामा, चांगलं इंजिन कुठे मिळेल?" या प्रश्नाचं उत्तर मी तुला देणार आहे, पण त्याची जागा बदलून. या कामात इंजिन ही सगळ्यात शेवटची खरेदी. हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवलंस तर पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

कारण समजून घे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये फोर्डने मस्टँग लोकांपुढे आणली. तिचा सांगाडा बराचसा फाल्कन या साध्या, स्वस्त गाडीवरून घेतलेला. सिक्स आणि व्ही-एट बाहेरून सारख्याच दिसतात, पण पत्र्याखाली त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. तुझ्या २०० घन इंचाच्या सिक्सची ताकद १२० हॉर्सपॉवर. २८९ व्ही-एटची साधी, दोन बॅरल कार्ब्युरेटरची आवृत्तीही २०० हॉर्सपॉवरची. फोर्डच्या इंजिनिअरांनी सिक्सचे ब्रेक, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग, स्प्रिंग सगळं १२०च्या हिशोबाने बनवलं. तेव्हा तू इंजिन बदलत नाहीयेस, एका गाडीची दुसरी गाडी करतोयस. आणि ती चाकापासून वर करायची असते, बॉनेटपासून खाली नाही.

गाडीचा नंबर आधी वाच

चालकाच्या बाजूला, बॉनेटखाली, आतल्या फेंडरच्या पट्टीवर नंबर ठोकलेला आहे. पहिला आकडा मॉडेलचं वर्ष. दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे न्यू जर्सीतलं मटचन. पुढचे दोन आकडे बॉडीचे: ०७ कूपे, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. पाचवं अक्षर इंजिनाचं. टी म्हणजे २०० सिक्स. सी म्हणजे दोन बॅरलची २८९, ए म्हणजे चार बॅरलची, आणि के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरची खास २८९.

तुझ्या गाडीवर टी असेल तर निर्धास्तपणे बदल कर. पण कधी कुणी तुला बंद पडलेलं इंजिन असलेली के अक्षराची गाडी स्वस्तात दिली, तर तिच्यात वाटेल ते इंजिन घालू नकोस. तिचं मोल तिच्या मूळ यंत्रात आहे.

आणखी एक गोष्ट. १९६५-६६च्या साध्या मस्टँगच्या इंजिनावर गाडीचा नंबर ठोकत नसत. तो फक्त के इंजिनावर असे. त्यामुळे कुणी सी किंवा ए गाडी "नंबर जुळणारी आहे" म्हणून जास्त पैसे मागू लागला, तर ब्लॉकवरच्या ओतकामाच्या तारखेची आणि गाडी बनल्याच्या तारखेची तुलना कर. त्यापलीकडे त्याच्याकडे पुरावा नसतो.

पत्रा तपासल्याशिवाय पाना हातात घेऊ नकोस

आपल्याकडे मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. पुढच्या फ्रेम रेल, समोरच्या काचेखालचा काउल, बॅटरीखालचा एप्रन आणि पायापाशी गाडीचा तळ जिथे फ्रेमला मिळतो तो भाग, या जागा टोच्याने टोचून बघ. शॉक टॉवरला चीर आहे का, ते वायर ब्रशने रंग खरवडून बघ. व्ही-एटचं वजन आणि ताकद याच पत्र्यावर येणार आहे. वेल्डिंगचं काम असेल तर ते आत्ता, इंजिनची जागा मोकळी असताना. काउल ते शॉक टॉवर जोडणारा एका तुकड्याचा एक्स्पोर्ट ब्रेस बाजारात नवा मिळतो. तो लाव.

पेट्रोलची टाकीही बघून घे. या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. टाकी गंजलेली असेल तर डागडुजी करू नकोस, नवी घे.

चाकाचे नट मोज

सिक्सच्या चाकाला चार नट, व्ही-एटच्या चाकाला पाच. जुन्या बाजारात गाडी बघताना हीच पहिली खूण. चार नटांच्या गाडीच्या बॉनेटखाली व्ही-एट दिसलं, तर समज की कुणीतरी अर्धंच काम केलं आहे.

पुढे सिक्सला नऊ इंचांचे ड्रम ब्रेक आहेत, व्ही-एटला दहा इंचांचे. म्हणून स्पिंडल, हब, ब्रेक हे सगळं एकत्रच बदलावं लागतं. एवढं करणारच आहेस तर ड्रम सोडून डिस्क ब्रेक घाल. जुने लोक १९७५ ते ८०च्या फोर्ड ग्रॅनाडा आणि मर्क्युरी मोनार्कचे स्पिंडल आणि डिस्क काढून इथे बसवत आले आहेत. टाय रॉडची टोकं मात्र त्यांना जुळवून घ्यावी लागतात, आणि चाक खालीवर होताना गाडी दिशा बदलत नाही ना, हे तपासावं लागतं. आज पूर्ण नवे डिस्क किटही मिळतात. खर्च जास्त, पण मोजमापाची कटकट कमी.

१९६६पर्यंत मास्टर सिलिंडरला एकच कप्पा होता. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७पासून दोन कप्पे आले. बाकी काही मूळ ठेवायचं असेल तर ठेव, पण हे बदल. यावर वाद घालू नकोस.

स्टिअरिंगचे टाय रॉड, मधली लिंक आणि पुढचे स्प्रिंगही व्ही-एटचे घे. सिक्सच्या स्प्रिंगवर व्ही-एट ठेवलं की गाडीचं नाक खाली बसतं आणि अलाइनमेंट कधीच नीट होत नाही.

मागे सिक्सचा अ‍ॅक्सल सव्वासात इंची, व्ही-एटचा आठ इंची. व्ही-एटच्या ताकदीने छोट्या अ‍ॅक्सलचे दात जाऊ शकतात. आठ इंची अ‍ॅक्सल मॅव्हरिक आणि कॉमेटच्या व्ही-एट गाड्यांतूनही मिळतो. विकत घेण्याआधी एका ड्रमच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या ड्रमच्या कडेपर्यंतची रुंदी आणि स्प्रिंगच्या बैठकीतलं अंतर टेपने मोजून घे, आणि तुझ्या गाडीच्या मापाशी ताडून बघ. प्रॉपेलर शाफ्ट मात्र गीअरबॉक्स जागेवर बसल्यानंतर मोजून बनवून घे, आधी नाही.

मग इंजिन कोणतं?

माझं मत विचारशील तर फोर्डचंच छोटं व्ही-एट. २८९ आणि १९६८ला आलेलं ३०२ एकाच घराण्यातले. दोघांचा बोअर चार इंच, ३०२चा स्ट्रोक तेवढा जरासा जास्त. दोन्ही तुझ्या गाडीत मुळात बसावेत अशीच जागा आहे. ३५१ विंडसर त्याच घराण्यातलं, पण त्याचा ब्लॉक सुमारे १.३ इंच उंच आणि त्यामुळे रुंदही. १९६६च्या शॉक टॉवरमध्ये ते कसंबसं बसतं, आणि नंतर प्रत्येक प्लग बदलताना हात सोलून निघतात. पहिल्या कामाला ते नको.

२८९ शोधताना ब्लॉकच्या मागच्या बाजूचे, क्लच हाउसिंग बसवायचे बोल्ट मोज. १९६४च्या उन्हाळ्यापर्यंतच्या ब्लॉकला पाच, नंतरच्यांना सहा. सहाच घे. पाच बोल्टच्या ब्लॉकला नंतरचे गीअरबॉक्स लागत नाहीत.

जास्त काळ गाडी रोज चालवायची असेल तर १९८५ ते ९५च्या मस्टँगचं ५.० लीटर इंजिन, म्हणजेच ३०२, उत्तम. त्यात रोलर कॅमशाफ्ट आहे; त्याचे लोब सहसा झिजत नाहीत. १९९६ ते २००१च्या एक्स्प्लोररमध्येही तेच ५.० लीटर होतं, आणि त्याचे सिलिंडर हेड जास्त चांगले. मात्र त्यात डिस्ट्रिब्युटर नसतो. त्याच्या जागी सेन्सर असतो, म्हणून कार्ब्युरेटरवर चालवायचं तर डिस्ट्रिब्युटर बसवावा लागतो. पेट्रोलही मेकॅनिकल पंपाऐवजी इलेक्ट्रिक पंपाने द्यावं लागतं.

नवं इंजिन जुन्या गाडीत घालताना या चार गोष्टी पाठ कर:

१. तोल. जुन्या २८९-३०२चा बाहेरचा तोल २८ औंस-इंच, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीनंतरच्या ३०२चा ५०. पुढचा बॅलन्सर आणि मागचं फ्लायव्हील दोन्ही एकाच मापाचे हवेत. एक २८ आणि एक ५० झालं तर इंजिन थरथरत थरथरत स्वतःचे बेअरिंग खाऊन टाकतं.

२. फायरिंग ऑर्डर. जुन्या २८९-३०२चा क्रम १-५-४-२-६-३-७-८. १९८२पासूनच्या मस्टँगच्या ५.० एचओचा (हाय आउटपुट) १-३-७-२-६-५-४-८. हा क्रम ब्लॉक ठरवत नाही, कॅमशाफ्ट ठरवतो. कॅमशाफ्ट कोणता आहे हे कळल्याशिवाय प्लगच्या वायरी लावू नकोस.

३. पाण्याचा पंप. एकाच लांब सपाट पट्ट्यावर चालणाऱ्या ५.०चा पंप उलट दिशेने फिरतो. पुढचे भाग काढून जुने व्ही-पट्टे लावलेस आणि पंप तोच ठेवलास, तर पाणी उलट ढवळलं जाईल आणि इंजिन तापेल. रेडिएटरला दोष देण्याआधी पंप बघ. पंपाचं तोंड जुन्या इंजिनांत एका बाजूला, १९७०नंतरच्यांत दुसऱ्या बाजूला असतं. ते बघूनच रेडिएटर घे. सिक्सचा रेडिएटर व्ही-एटला पुरत नाही.

४. ऑइल पॅन. १९७९ ते ९३च्या मस्टँगच्या पॅनला दोन खोलगट भाग असतात. तुझ्या गाडीच्या क्रॉसमेंबरला तो आडवा येतो. पुढे खोल असलेला पॅन आणि त्याच्या जोडीचा पिकअप घे, आणि डिपस्टिक कुठून आत जाणार हे आधी ठरव.

रोलर कॅमच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा गीअर पोलादी लागतो. जुना कास्ट आयर्नचा गीअर त्याच्यापुढे टिकत नाही. आणि तुझ्या गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये कॉइलकडे जाणारी गुलाबी वायर मुद्दाम व्होल्टेज कमी करते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलंस तर त्याला पूर्ण बारा व्होल्टची वेगळी वायर दे. इंजिनापासून फायरवॉलपर्यंतची अर्थची पट्टी विसरू नकोस. ती नसली की हेडलाइटपासून मीटरपर्यंत सगळं विचित्र वागू लागतं.

फ्युएल इंजेक्शन ठेवणार असशील तर त्याला सुमारे ३९ पीएसआय दाब लागतो, कार्ब्युरेटरला पाच ते सात. म्हणजे पंप, नळ्या, टाकीत परत येणारी लाइन, सगळं नव्याने. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यामुळे जुने रबरी पाइप एकही ठेवू नकोस.

भाग शोधताना नंबर वाचायला शीक

फोर्डच्या भागावर कोरलेला नंबर समजला की जंकयार्डमध्ये तुला कुणी फसवू शकत नाही. सी५एई-६०१५-ई असं दिसलं तर सी म्हणजे १९६०चं दशक, ५ म्हणजे १९६५, ए म्हणजे मोठ्या फोर्डसाठी बनवलेलं, ई म्हणजे इंजिन विभाग. ६०१५ म्हणजे ब्लॉक. दशकं पुढे सरकतात तसं अक्षरही सरकतं: डी सत्तरचं, ई ऐंशीचं, एफ नव्वदचं. तिसरं अक्षर झेड असेल तर मस्टँग, डी असेल तर फाल्कन, टी असेल तर ट्रक. ६०४९ सिलिंडर हेड, ६३०३ क्रँकशाफ्ट, ९५१० कार्ब्युरेटर, १२१२७ डिस्ट्रिब्युटर, ८००५ रेडिएटर. एवढे आकडे खिशातल्या कागदावर लिहून ठेव. ब्लॉकवरचा नंबर स्टार्टर काढला की दिसतो, म्हणून पाना घेऊनच जा.

हा नंबर भाग कधी आखला गेला ते सांगतो. तो कधी ओतला ते तारखेवरून कळतं: ५सी१२ म्हणजे १९६५, मार्च, १२ तारीख. महिन्यांची अक्षरं ए पासून एम पर्यंत जातात आणि आय गाळतात.

कोणता भाग कुठल्या गाडीला चालतो, हे सांगणारं हॉलंडर इंटरचेंज जंकयार्डवाल्यांचं जुनं पुस्तक आहे. सत्तरच्या आधीच्या गाड्यांची जुनी आवृत्ती कुठे मिळाली तर विकत घे. गाडीचं फोर्डचं शॉप मॅन्युअलही घे. त्यातल्या टॉर्कच्या आकड्यांवर विश्वास ठेव, ऐकीव आकड्यांवर नको.

खरेदीसाठी माणसाने माणसाला भेटावं. पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, १९५५पासून. त्याच राज्यात कार्लाइलला १९७४पासून बाजार लागतो, आता वसंत आणि शरद, दोन्ही ऋतूंत. ऑगस्टमध्ये आपल्या मिशिगनमध्ये वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी असते, तिथे भाग विकत मिळत नाहीत, पण भाग कुणाकडे आहेत हे कळतं. बाजारात सकाळी लवकर जा, सोबत टेप, टॉर्च, कॅलिपर, चुंबक आणि रोख पैसे ने. चुंबक पत्र्यावर चिकटला नाही तर त्याखाली पुट्टी आहे.

नवे बनवलेले भाग कुठे घ्यायचे आणि जुने कुठे, याचा माझा नियम सोपा आहे. रबर, ब्रेक, पाइप, बेअरिंग, पेट्रोलची टाकी: नवं. ओतकाम, ब्रॅकेट, पुल्या, अ‍ॅक्सल: जुनं, मूळ. ब्रॅकेट आणि पुल्या सगळ्या एकाच गाडीवरून घे, बोल्टसह. एक एक जमवलेल्या पुल्या एका रेषेत येत नाहीत आणि पट्टे फाटत राहतात. शक्य झालं तर इंजिन, गीअरबॉक्स, वायरिंग, कॉम्प्युटर आणि सगळे ब्रॅकेट असलेली धडकलेली अख्खी गाडी घे. भाग सुटे घेतले तर तिच्याहून जास्त पैसे जातात.

दुकानात नवा स्टार्टर किंवा अल्टरनेटर घेताना जुना भाग परत मागतात आणि त्याचे पैसे धरून ठेवतात. तुझा जुना भाग मूळ तारखेचा असेल तर तो परत देऊ नकोस. धरलेले पैसे सोड, भाग ठेव.

इंजिन बघायला जाताना

इंजिन चालू असेल तर थंड असताना स्वतः सुरू कर. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांग. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोज. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊण हिश्श्यापेक्षा खाली नको. चालू नसेल तर क्रँक पान्याने फिरतो का बघ, डिपस्टिकवर दुधी रंग आहे का बघ, आणि ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना चीर शोध.

मशीन शॉपमध्ये चिरांची तपासणी करून घे. सिलिंडर तीस किंवा चाळीस थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवले तर चालतं. साठला या पातळ भिंतींच्या ब्लॉकचं आयुष्य संपत येतं. साठ थाऊ झालेला ब्लॉक फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. जुने हेड वापरणार असशील तर एक्झॉस्ट वाल्व्हसाठी कडक सीट बसवून घे. अमेरिकेत १९९६पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसं असलेलं पेट्रोल बंद आहे, आणि जुन्या मऊ सीट त्या शिशावरच टिकत होत्या.

पहिल्यांदा सुरू करताना

नवं बांधलेलं इंजिन चावी फिरवून सुरू करू नये. आधी डिस्ट्रिब्युटर बाहेर काढ, पाव इंची षट्कोनी सळई ड्रिलला लाव आणि तेलाचा पंप घड्याळाच्या उलट दिशेने फिरव. गेजवर दाब दिसेपर्यंत, आणि वरच्या प्रत्येक रॉकरपाशी तेल पोहोचेपर्यंत. बॅलन्सरची बाहेरची कडी जुन्या रबरावरून सरकलेली असू शकते, म्हणून पहिल्या सिलिंडरचं टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची जागा, पिस्टन स्टॉप लावून पक्कं कर, खुणेवर विसंबू नकोस.

कॅमशाफ्ट जुन्या पद्धतीचा, सपाट टॅपेटचा असेल तर इंजिन सुरू झालं की लगेच २,०००च्या वर फेऱ्या ने आणि सुमारे वीस मिनिटं थोड्या खालीवर करत ठेव. आयडलवर सोडू नकोस. तेल जस्त असलेलं घाल. आजच्या साध्या तेलात ते कमी असतं. एक माणूस तेलाच्या गेजकडे बघत उभा हवा, दुसरा अग्निशामक घेऊन. नंतर तेल आणि फिल्टर बदल, जुना फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का बघ.

सिक्स विकू नकोस

निघालेलं सिक्स इंजिन, चार नटांची चाकं, छोटा अ‍ॅक्सल हे सगळं चिठ्ठ्या लावून ठेव. ते कमी प्रतीचं यंत्र नाही. सात मेन बेअरिंगचं ते इंजिन नीट सांभाळलं तर फार काळ चालतं. उद्या कुणाला मूळ गाडी हवी असली तर तिची किंमत या जुन्या भागांसोबत असते. भारतात न्यायचा विचार आलाच तर हेही ध्यानात असू दे की तिथल्या जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही.

आणि शेवटचं काम कागदाचं. इंजिन कोणत्या वर्षाचं, कोणत्या गाडीचं, तोल २८ की ५०, फायरिंग ऑर्डर कोणती, पाण्याचा पंप कोणत्या दिशेचा, डिस्ट्रिब्युटरचा गीअर कशाचा, ब्रेक कोणत्या गाडीचे, अ‍ॅक्सलचं गुणोत्तर किती: हे सगळं एका पानावर लिही. एक प्रत ग्लोव्हबॉक्समध्ये, एक घरी. बदललेल्या गाडीला कंपनीचं पुस्तक लागू होत नाही. तिचं पुस्तक तुलाच लिहावं लागतं. ते नसलं तर चांगलं काम दहा वर्षांत कोडं होऊन बसतं. असलं तर कुठल्याही गावचा मिस्त्री योग्य भाग मागवून ती गाडी चालती ठेवू शकतो.